मंगळाचे दोन सूट

"चेन अडकली!" शिवकन्या सूटच्या आतून ओरडली.

विजयकुमारनं चेनीवर मेणबत्ती घासली आणि ती गळ्यापर्यंत ओढली.

साखऱ्याच्या माळावर आज मंगळ होता. लाल मुरूम, मागं पत्र्याचं यान आणि शॉटमध्ये दोन अंतराळवीर बाया. त्यांचे सूट गावच्या शिवकन्येनं शिवले होते. मुंबईहून मापं काही आलीच नाहीत, म्हणून तिनं घरातल्याच मापावर बेतले. आता नट्यांच्या अंगाला ते बसेनात, आणि शूटिंगचा आज शेवटचा दिवस! मग काय, कपडेपटाच्या विजयकुमारनं तिलाच आत कोंबलं.

"तोंड दिसणार न्हाई ना?"

"सोनेरी काच आहे ताई. देवालासुद्धा दिसणार नाही."

"देवाचं सोडा, माह्या सासूला कळू नये. सिनेमात उभी राहिलीस तर शिलाई मशीन हिरीत फेकून दीन म्हणल्या."

यशोदाबाई बोलल्या की करून दाखवायच्या. आज शेळ्या लांब चारायला नेते म्हणाल्या होत्या, तेवढाच आधार. मशीन म्हणजे शिवकन्येचा जीव की प्राण.

"दुसऱ्या सूटमध्ये कोण हाय?"

"मिळाली एक बाई. चला, उशीर होतोय."

शॉट सोपा होता. शिवकन्येनं उतारावरून घसरायचं, दुसरीनं तिचा हात धरायचा आणि शेवटी सोडून द्यायचा. खाली गादी टाकलेली होती.

भोंग्यातून "अ‍ॅक्शन" आलं. मुरूम पायाखालून असा सरकला की ती खरंच कडेला लटकली. "अगं आई गं!" ती किंचाळली. गादी कुठल्या बाजूला होती तेही तिला आठवेना. श्वासानं काच धुरकटली. वर दुसरीच्या हातमोज्यात तिचा हात तेवढा घट्ट होता.

"आता सोड! हात सोड!" दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला.

हात सुटेना.

"अहो बाई, सोडा! कट! वाटोळं केलं शॉटचं!"

दुसरीनं तिला दोन्ही हातांनी वर ओढलं आणि धापा टाकत खाली बसली. दिग्दर्शक तणतणत आला.

"चार वेळा समजावलं होतं. का नाही सोडला हात?"

दुसरीनं हेल्मेट उपटून बाजूला ठेवलं. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं.

"माही सून हाय ती," यशोदाबाई म्हणाल्या. "तिचा हात सोडू व्हय?"