उत्तर आलं नाही, तर

"झालं का तुझं फुकटचं काम? संध्याकाळी शेजारच्या प्रधानांना जेवायला बोलवू का?" नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं. हेमांगीने लॅपटॉपमधून मान वर केली नाही.

सॉफ्टवेअर तपासायचं तिचं सॉफ्टवेअर जगभरातले लोक फुकट वापरत, आणि हक्काने भांडतही. त्यांना नवी सोय हवी होती. ज्या ॲपची चाचणी घ्यायची ते वेगळं सुरू करायला नको, चाचणी घेणाऱ्या प्रोग्रॅमच्याच पोटात ते चालावं. कित्येक रविवार त्यात गेले. आज पडद्यावर सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास होत्या. आनंद व्हायला हवा होता, पण नुसते डोळे चुरचुरत होते.

मग तिच्या लक्षात आलं. शेवटच्या चाचणीने ॲपमधलं 'बाहेर पडा' बटण दाबलं होतं. ॲप आणि चाचणी, दोघांचा श्वास आता एकच, त्यामुळे ॲप बंद पडलं तशी चाचणीही तिथेच मेली. नापास म्हणून ओरडायला कुणी उरलंच नाही. आणि तिनेच कधीकाळी नियम लिहिला होता, की तक्रार आली नाही म्हणजे पास.

तिने तो खोडला. उत्तर आलं नाही, तर नापास. चाचण्या पुन्हा चालवल्या, तेव्हा हिरव्या रांगेच्या टोकाला लाल खूण उमटली. ती बघून तिला उगाचच बरं वाटलं.

नवरा फोन हातात घेऊन दारात आला. "काही बोलली नाहीस, म्हणजे चालेल तुला. लावतो फोन."

तिने लॅपटॉप मिटला.

"नाही चालणार," ती म्हणाली. "दमलेय रे मी. केव्हाची."