किरकोळ खर्चातला सत्कार

फोटो निघाला तशी मच्छिंद्रने नंदाबाईच्या खांद्यावरची शाल काढून घेतली. मच्छिंद्र ग्रामपंचायतीचा कारकून. किरकोळ खर्चाची पेटी त्याच्या ताब्यात. शालीची घडी घालत तो म्हणाला, "राहू दे इथंच. पुढच्या कार्यक्रमाला लागंल."

पंचायत समितीचे साहेब जीपमध्ये बसून वाटूरच्या रस्त्याला लागले होते. स्वच्छतेचा पंधरवडा, म्हणून गावची गटारं उपसणाऱ्या बाईचा सत्कार. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. नारळ घेताना नंदाबाईनं डावा हात पुढं केला, तर सरपंच सगळ्यांदेखत खेकसला होता, "उजव्या हातानं घे. रीत न्हाई का तुला?" उजव्या हाताला जाडजूड बँडेज होतं. ते कशाचं, हे एकानंही विचारलं नाही.

दिवाळीपासून ती रबरी हातमोजे मागत होती. एकशे वीस रुपयांची जोडी. मच्छिंद्रचं एकच उत्तर, "सादिलमधी बसत न्हाई." सादिल म्हणजे हाच किरकोळ खर्च. त्यात साहेबांची कचोरी बसायची, हार बसायचे, सरपंचाच्या गाडीचं पंक्चरसुद्धा बसायचं. गटारात घालायच्या हातांचे मोजे तेवढे बसायचे नाहीत. मेल्या पेटीलासुद्धा माणूस ओळखता येत होता.

मग एक दिवस गाळातली फुटकी बाटली हातात घुसली. खाडा पडेल म्हणून हळद दाबून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गटारात उतरली. हात कोपरापर्यंत सुजला. आठ दिवस ती जालन्याला दवाखान्यात पडून होती. मच्छिंद्रने आठ खाडे बराबर मांडले.

आता त्याने तिच्यापुढं पावती सरकवली आणि शाईची डबी उघडली. "दे अंगठा. उद्या ऑडिट हाये."

"किती लिवलं?"

"शाल, नारळ, बक्षीस मिळून दीड हजार. भेटले म्हणून अंगठा दे. न्हाई तर पगार बी अडकंल."

बक्षीस कसलं आणि कुणाचं? तिच्या काखेत एक नारळ होता, बस्स. नंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं हा दाखवील तिथं तिनं मुकाट्यानं अंगठा उठवला होता. तिनं नारळ टेबलावर आदळला. दातांनी बँडेजची गाठ सोडली आणि वेढे काढत गेली.

चार बोटं होती. अंगठ्याच्या जागी टाके होते.

मच्छिंद्रने नजर वळवली. पण क्षणभरच. मग त्याने डबी तिच्या दुसऱ्या हाताकडं सरकवली.

"मंग डाव्या हाताचा दे."

नंदाबाईनं डाव्या हाताची मूठ आवळली.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो राहू दे. पुढच्या कार्यक्रमाला लागंल."