मैत्रिणीची मावशी

“तू कोण?” प्रज्ञेशने तिसऱ्यांदा विचारलं.

“पाहुणी. मयूराच्या मैत्रिणीची मावशी.”

“कुठून आलीस?”

“डार्विनहून. चार दिवसांसाठी. सिडनी बघायला.”

“आणि मी कोण?”

“घरमालक,” कमलाबाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं.

मागच्या अंगणातल्या त्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, म्हणजे एका खोलीच्या घरात, कमलाबाई चार वर्षं राहत होत्या. आता तो आठवड्या-आठवड्याने प्रवाशांना भाड्याने द्यायचा होता. त्याला कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, परवाना लागे आणि घरातलं माणूस तिथे कायमचं राहत असेल, तर परवाना मिळत नसे. चार वर्षांचा संसार एका दिवसात हलवणं जमेना, म्हणून प्रज्ञेशने आपल्या आईलाच पाहुणी करून टाकलं. परवाना आला की त्यांचा मुक्काम गॅरेजमागच्या इस्त्रीच्या खोलीत जाणार होता. तिला खिडकी नव्हती. “ऊन अजिबात लागणार नाही, आई,” असं त्यांच्या सुनेने, मयूराने, त्या खोलीचं कौतुक केलं होतं.

जागा तपासायला कौन्सिलचा ग्लेन दोनच्या ठोक्याला आला. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, कानामागे पेन. प्रज्ञेशच्या हाताखाली ऑफिसात सत्तावीस माणसं होती म्हणे, पण त्या मोज्यांना त्याने दोनदा ‘सर’ म्हटलं.

“नो वरीज, मेट,” ग्लेन म्हणाला आणि खुर्चीतल्या कमलाबाईंकडे वळला. “कसं काय, मॅडम? जागा आवडली?”

आता कमलाबाई नागपूरला सव्वीस वर्षं मेट्रन होत्या. त्यांची चप्पल वाजली की वॉर्डातले ताप आपोआप उतरत. एकदा तर एक मेलेला माणूस उठला, चादर सरळ केली आणि पुन्हा मेला, असं तिथले जुने वॉर्डबॉय अजून शपथेवर सांगतात. दिलेलं काम अर्धवट करणं त्या बाईच्या रक्तात नव्हतं. पाहुणी व्हायला सांगितलंय ना, मग पाहुणीच.

“जागा?” त्या मेट्रनच्या इंग्रजीत म्हणाल्या. “लिहून घ्या.”

ग्लेनने कानामागचं पेन काढलं.

“गरम पाणी. अंगाला साबण लागेपर्यंत त्याची शोकसभा आटपलेली असते. ती खिडकी रंग देताना चिकटली, ती चिकटलीच. उघडून बघा.”

ग्लेनने खांदा लावून बघितलं. खिडकी हलली नाही.

“छतावर धुराचा अलार्म आहे. त्याला न्हाणीतली टोपी घातलीय.”

“का?”

“मालकीणबाईंनी घातलीय. फोडणी केली की तो बोंबलतो, आणि शेजारी बघतात.”

मयूरा हसली. त्या हसण्यात दातांशिवाय काही नव्हतं.

“दारातली पायरी तुटलेली आहे. मार्चमध्ये एक बाई पडल्या म्हणे इथे. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. मालकांनी पायरीवर पायपुसणं टाकलं.”

“कोण बाई?” ग्लेनने प्रज्ञेशला विचारलं.

प्रज्ञेशने पायपुसण्याकडे पाहिलं, जणू तेच उत्तर देणार होतं.

“माझ्या आधीची पाहुणी असेल,” कमलाबाई म्हणाल्या. “आणि हे तुमच्या कागदावर बसतं की नाही माहीत नाही, पण चार दिवसांत जेवलात का म्हणून कुणी विचारलेलं नाही. दूध संपलं की मेसेज करायचा. अंगठा येतो. दूध येत नाही.”

“आई, पुरे,” प्रज्ञेशच्या तोंडून निघून गेलं.

ग्लेनचं पेन थांबलं. “आई म्हणजे?”

“मदर,” मयूरा घाईने म्हणाली. “पण तसं नाही. आमच्याकडे वयस्कर बायकांना सगळ्यांनाच म्हणतात. आदर म्हणून.”

“लव्हली,” ग्लेन म्हणाला.

“हो,” कमलाबाई म्हणाल्या. “हे लोक कुणालाही म्हणतात.”

ग्लेनने स्टुलावर चढून टोपी काढली, पायरीचा फोटो घेतला, नळाखाली बोट धरून घड्याळ बघितलं. मग प्रज्ञेशकडे वळला. परवान्याचं नंतर बघू, म्हणाला, पण इथे माणसाला आज रात्रीसुद्धा ठेवता येणार नाही. आग लागली तर बाहेर कुठून पडणार? मॅडमची सोय आत्ताच्या आत्ता मोठ्या घरात करा. हवेशीर खोली द्या. मला रिपोर्टात तसं लिहावं लागेल, त्यामुळे त्या आत गेलेल्या बघूनच मी निघतो.

हवेशीर खोली एकच होती, वरच्या मजल्यावरची. तिच्यात मयूराचं ट्रेडमिल आरामात राहत होतं.

अंगणातून मिरवणूक निघाली. पुढे कमलाबाई, मागे त्यांची उशी काखेत धरलेला प्रज्ञेश, त्याच्यामागे मयूरा. चार वर्षं कमलाबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने जात-येत. आज मात्र ते दार मागे टाकून त्या तशाच पुढे गेल्या, घराला वळसा घातला आणि रस्त्याकडच्या मोठ्या दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. मयूराने आत जाऊन दार सताड उघडून धरलं.

कमलाबाई पाऊल टाकेनात.

“चल ना आत,” प्रज्ञेश पुटपुटला. “तो बघतोय.”

“बघू दे. पाहुण्याला घरातल्या बाईने ‘या’ म्हणायचं असतं,” कमलाबाई म्हणाल्या. मराठीत आणि अगदी सावकाश. “आमच्या घरी तरी अशीच पद्धत होती. मालकांच्या घरची मला माहीत नाही.”

मयूराने फाटकाकडे पाहिलं. ग्लेन आपल्या गाडीला टेकून उभा होता, पेनाचं टोपण दातांत धरून.

“या,” मयूरा म्हणाली.

फाटकापाशी ग्लेनने कागदावर बरोबरची खूण केली.