चौदावी कृती

काळ्या ताटलीत उंदराचे पाच अवयव ओळीने मांडून सहकारी बाईंनी कॅमेऱ्याच्या पेटीचं झाकण लावलं. पडद्यावर चित्र उमटायला मिनिटभर लागतं. संशोधकाने पडद्याकडे पाहिलंच नाही. वहीत चौदाव्या कृतीसमोर त्याने आधीच ‘यकृत’ लिहून टाकलं. तेरा वेळा तेच लिहिलं होतं.

दर कृतीत वेगळ्या मिश्रणाने चरबीचे अतिसूक्ष्म थेंब करायचे, त्यांच्या पोटात पेशींसाठी निरोप ठेवायचा आणि ते रक्तात सोडायचे. निरोप पोचेल तो अवयव चमकतो. थेंब जायला हवेत फुप्फुसात; जातात यकृतात.

“यकृत म्हणजे त्यांचं माहेरच दिसतंय,” बायको म्हणाली होती. “सोडले की पळाले तिकडे!” तिची फुप्फुसं निबर होत चालली होती, नाकाला नळी होती, तरी थट्टा सुटत नव्हती. दवाखान्याच्या खाटेवर तिने त्याची वही चाळली. वीस कृती क्रमाने लिहिलेल्या, चार झालेल्या. चौदावीसमोर तिने पेन्सिलीने खूण केली.

“अहो, ही आधी करा ना.”

“का?”

“मला आवडली म्हणून.”

“अगं, असं नसतं. रांगेनं जावं लागतं.”

“कपडे वाळत घालतानासुद्धा रांग तुमची!” हसता हसता तिला ढास लागली.

एका कृतीला तीन आठवडे लागत. नववी चालू असताना ती गेली.

“सर!” बाई ओरडल्या. “सर, फुप्फुसं!”

यकृत काळंच होतं. शेजारी दोन इवलीशी फुप्फुसं लख्ख चमकत होती. त्याने उंदराचा क्रमांक ताडून पाहिला, पुन्हा चित्र घ्यायला लावलं. तेच आलं.

हे काही औषध नव्हतं. नुसता पत्ता सापडला होता. औषध व्हायला वर्षं जाणार होती. हे त्याला कळत होतं. त्याने ‘यकृत’ खोडलं, ‘फुप्फुस’ लिहिलं. हात पेन्सिलीच्या खुणेपाशी थांबला.

“ही खूण कशाची, सर?”

“जुनी आहे.”

बाईंचे डोळे भरून आले होते. “अठरावी हिच्याच जवळची आहे. मधल्या सोडून उद्या तीच घेऊ या?”

त्याने वही मिटली.

“नको. रांगेनंच जाऊ. आता घाई कुणाला आहे?”