दोन बोटं माती

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांच्या खोलीत त्यांच्या हौसेच्या कुंड्या होत्या, आणि त्या कुंड्यांत चिलटांनी उच्छाद मांडला होता. पिवळे चिकट कागद लावून झाले, फवारे मारून झाले, तरी चहात चिलट, नाकात चिलट. सूनबाई अगदी मेटाकुटीला आली.

सासरे हसले. "अगं, चिलटांशी काय भांडतेस? तू रोज पाणी ओततेस, माती सदा ओली, मग ती अंडी घालणारच. झाडं तहानेनं मरत नाहीत गं, लाडानं मरतात. मातीत दोन बोटं खुपसून बघायची. कोरडी लागली तरच पाणी. नाहीतर कितीही माना टाकू देत, द्यायचं नाही."

तिने तसंच केलं. झाडांनी माना टाकल्या, तिने मन घट्ट केलं. महिनाभरात चिलट औषधालाही उरलं नाही.

"गुण आला हो तुमच्या उपायाला, बाबा!" ती मनापासून म्हणाली.

आता त्या खोलीत एकच कटकट उरली होती. सासऱ्यांची चादर. बदलून पाठ फिरवावी, तर पुन्हा ओली.

दुपारी सासऱ्यांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "सूनबाई, घोटभर पाणी दे गं. सकाळपासून मागतोय."



तिने चादरीवर दोन बोटं टेकवली. "अजून ओल लागतेय, बाबा."