अर्थिंगची तार

नळाचा शॉक बसून गेलेल्या मनकर्णाचा जलदान विधी उरकला, तसा वायरमन तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, न्हाणीत घेऊन गेला. “काका, अर्थिंगची तार ह्या लोखंडी पाइपाला बांधलेली. पाइप जमिनीत व्हता, करंट मातीत उतरायचा. खालचा पाइप प्लास्टिकचा झाला, आन् गिझर बिघडल्यावर करंट नळातच ऱ्हायला.” त्यानं तारेचा तुकडा कापून आश्रुबाच्या हातावर ठेवला. आईला गंजाचं लाल पाणी नको म्हणून लेकानं, अनिलनं, पहिल्या पगारात पाइप बदलला होता. ओसरीवर लेकानं विचारलं, “काय निघालं, आबा?” “गिझरच खराब व्हता.” आश्रुबानं मूठ आवळली. अनिल डोळे पुसत म्हणाला, “रूपालीकडंबी लाल पाणी येतंय. आई म्हनायची, लेकीचा पाइप तेवढा बदलून दे. उद्या जातो उमापूरला.” आश्रुबानं त्याला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडली.