उसना बाप

“हुब्बळ्ळीच्या शाखेत होतो तवा माझ्या सहीवाचून पान हलत नव्हतं, राव,” सूर्यनारायणराव म्हणाले. जरा थांबले, एक बारीक उसासा टाकला. “आता काय, निवांत.”

अनिरुद्धरावांनी मान डोलावली. समोर मुलगा बसला होता, कल्याणराम. मद्रासला परदेशी मोटारींच्या कंपनीत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. शेजारी त्याचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले. आई नाही, भाऊबंद नाहीत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत इतकं सुटसुटीत मराठी स्थळ चालून येणं म्हणजे नशीबच.

पण लेक विनुताची दोन स्थळं ठरता ठरता मोडली होती, दोन्ही वेळा पलीकडच्यांच्या थापांपायी. दुधानं तोंड पोळलेले अनिरुद्धराव आता ताकही फुंकून पीत होते. त्यातून मुलगा पसंत असल्याचं विनुतानं आत आईला सांगून टाकलं होतं. पोरीचं मन बसलं, आता तिसऱ्यांदा मोडलं तर ती पुन्हा उभी राहणार नाही, या भीतीनं त्यांना घाम फुटला होता.

कॉफी आली. सूर्यनारायणरावांनी स्वतःचा टंबळर बाजूला ठेवला, मुलाचा उचलला, कॉफी वरखाली करून चांगली निववली आणि त्याच्यापुढं सरकवली. कल्याणराम न बघताच प्यायला लागला.

अनिरुद्धरावांची बायको सीतालक्ष्मी बाहेर येऊन बसली. “तुमी बँकेत कुठं होतांत म्हणे?”

“हुब्बळ्ळीच्या शाखेत होतो तवा माझ्या सहीवाचून पान हलत नव्हतं, बाई.” थांबणं तिथंच. उसासा तोच. “आता काय, निवांत.”

अनिरुद्धरावांचे कान टवकारले. घरोघरी केबल येईपर्यंत आसपासच्या देवळांतल्या उत्सवाचं एक नाटक त्यांनी सोडलं नव्हतं. आपलीच गोष्ट माणूस दोनदा सांगतो तेव्हा दोन तऱ्हांनी सांगतो. शब्दन्‌शब्द तोच बोलतो तो नट.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं खांद्यावरचं अंगवस्त्र या खांद्यावरून त्या खांद्यावर असं टाकलं, की शेवटच्या रांगेलाही दिसावं. आणि अनिरुद्धरावांना पापनाशमचा मांडव आठवला. वेड लागलेला जमीनदार! तमिळ कंपनीतला तो नट, ज्याच्यासाठी ते लहान पोरासारखे रडले होते. तो मराठी बोलणारा असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यांनी कल्याणरामला मागच्या अंगणात नेलं.

“हा माणूस बँकेतला नव्हे. नाटकातला नट आहे. बाप म्हणून भाड्यानं आणलास, होय की नाही? आणखी एक खोटं बोललास तर इथनंच परत जायचं.”

कल्याणरामचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं एकदा दाराकडं पाहिलं.

“होय, मामा,” तो म्हणाला. “माझे अप्पा मी लहान असतानाच वारले. मागंपुढं कोणी नाही म्हटलं की लोक दारातनंच वळवतात. म्हणून यांना आणलं.” त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

अनिरुद्धराव विरघळले. आधीच्या दोघांनी शेवटपर्यंत थापा मारल्या होत्या, यानं विचारल्याबरोबर कबूल केलं. आणि आपल्या नजरेतून काही सुटत नाही याचा आनंद काय थोडा होता? त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. “बाप पाहिजे तर मी आहे की! विनुता तुझी.”

दाराआडून ऐकणारी सीतालक्ष्मी साखर आणायला धावली. अनिरुद्धराव कल्याणरामला घेऊन बैठकीत परतले.

“राव, नाटक पुरे,” ते हसत म्हणाले. “पोरानं अस्कं सांगितलं, सगळं.”

“काय सांगितलं?”

“हेच, की तुमी त्याचे कोणी नव्हे. बाप तर कधीच वारला बिचाऱ्याचा.”

म्हाताऱ्यानं कल्याणरामकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“बेस,” म्हातारा म्हणाला. मग उठून त्यानं हात जोडले. “चुकलं, राव. उत्सवात नाटक कोण ठेवतो आता? पोटासाठी मिळेल ते सोंग घेतो. पोराला बोलू नका, पोर चांगलं आहे.”

बोलणं इतकं मनापासून होतं, की अनिरुद्धरावांना त्याचा रागच येईना. उलट एवढ्या मोठ्या कलावंताची ही दशा बघून त्यांना वाईट वाटलं. कल्याणराम जागचा हलेना, तेव्हा बसथांब्यापर्यंत ते स्वतःच निघाले.

वाटेत त्यांना राहवेना. “तुमचा जमीनदार मी पाहिलाय. पापनाशमला. काय काम केलं होतंत! अहो, ती बँक कशाला पाहिजे होती? अशा नटाच्या घरचं स्थळ आलं असतं तर मी डोळे मिटून मुलगी दिली असती.”

म्हातारा चालता चालता थांबला. “खरंच दिली असतीत?”

“देवाशपथ.”

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा चालू लागला. तिरुवैयारुची बस थांब्याला लागली होती.

“लग्नाला मात्र जरूर या. पंगतीत माझ्याशेजारी बसवतो तुमाला.”

“बघतो.”

“घरी कोण असतं तुमच्या?”

“कोणी नाही. बायको गेली. येक लेकरू, ते बाहेरगावी.”

“त्याचं लग्नकार्य?”

म्हाताऱ्यानं पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली.

“आत्ताच ठरलं,” तो म्हणाला. “तुमच्याच घरात.”